साठ एकरांतली वाट

आमच्या पेन्शनर कॉलनीत घरं चोपन्न आणि गोल्फ खेळणारी माणसं सहा. गोल्फ म्हणजे वाकड्या काठीनं पांढरा चेंडू मारायचा, त्याच्यामागे अर्धा फर्लांग चालायचं, आणि सापडला की पुन्हा मारायचा. खेळाला माझी ना नव्हती, कुंपणाला होती. या सहा जणांसाठी साठ एकर मैदान तारेच्या आत, आणि बाकीच्या अठ्ठेचाळीस घरांनी ते गच्चीवरून पाहायचं. फाटकावर पाटी होती: 'खेळाडूंखेरीज इतरांस प्रवेश नाही.'

मैदान साहेबांच्या काळचं. साहेब गेले, त्यांचा क्लबही ओस पडला, आणि अमरावतीच्या कॅम्पापलीकडची ती जागा आमच्या सोसायटीच्या पदरात आली. एकोणीसशे एकसष्टच्या दिवाळीत मी आणि मनकर्णा, माझी बायको, इथे राहायला आलो. मोजणी खात्यात मी तेहतीस वर्षं काढली. वऱ्हाडावरची राज्यं बदलली, राजधान्या बदलल्या. मी आपला साखळी ओढत दर्यापूर, बार्शीटाकळी, नांदगाव करत राहिलो आणि अकोल्याच्या कचेरीतून निवृत्त झालो. सोसायटीच्या छापील पत्रकात पहिलीच ओळ होती: 'सभासदांच्या आरोग्यासाठी विस्तीर्ण मोकळे मैदान.' ती वाचून आम्ही इथे घर घेतलं. कोणत्या सभासदांच्या आरोग्यासाठी, ते पत्रकात छापलं नव्हतं.

वर्षभरानं मनकर्णाला लकव्याचा झटका आला. हात सुधारला, डावा पाय मात्र मागे राहिला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हिला रोज दोन वेळ सपाट जमिनीवर चालवा; सहा महिन्यांत पाय उचलला तर उचलला, नाहीतर खुर्ची कायमची. आता सपाट जमीन आणायची कुठून? कॉलनीच्या रस्त्यांवर दोन वर्षांपासून नुसती गिट्टी अंथरून ठेवलेली. धडधाकट माणसाचा पाय मुरगळेल अशी. तिच्यावर रोलर फिरायचा होता, पण रोलर मैदानावर फिरत होता. आमच्याकडच्या उन्हात हिरवळ टिकत नाही, म्हणून चेंडूच्या खळग्यांभोवती रेती अंथरून तिला मोटारीचं जुनं तेल पाजलेलं होतं. त्या काळ्या चकत्यांना ते 'ब्राऊन' म्हणत. त्यांच्यावरून रोज सकाळी माळी लाकडी फळी ओढायचा, चेंडूला खडा लागू नये म्हणून. चेंडूची केवढी ती काळजी!

जानेवारीतल्या एका सकाळी मी पाटीकडे न बघता मनकर्णाला आत नेलं. कुंपणाला धरून, कडेकडेनं. पंधरावीस पावलं झाल्यावर तिनं माझा हात सोडला आणि एकटी चालली. मी तिच्या पायाकडे बघत होतो, तेवढ्यात खुशालराव आले. निवृत्त इंजिनिअर, सोसायटीचे सेक्रेटरी आणि गोल्फचे कप्तानही तेच, त्यामुळे तक्रार कुणाकडेही करा, ती त्यांच्याकडेच जायची. माणूस गोड बोलणारा. चेंडू लागेल, वहिनींच्या काळजीपोटीच सांगतो, म्हणाले. मी म्हटलं, चेंडू तिकडे, आम्ही इकडे. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणून त्यांनी चौकीदाराला खूण केली. कोंडवाड्यात जनावर न्यावं तसा तो फाटकापर्यंत आमच्यामागे चालत आला. मनकर्णा शरमेनं घाईघाईत निघाली आणि बाहेरच्या गिट्टीवर पडली. तळहात सोलवटला, मनगट सुजलं.

त्या दिवसापासून ती खुर्चीतून उठेना. "मले नाई चालायचं," ती म्हणाली. "लोकं पायतात." चालणं थांबलं आणि डॉक्टरांचे सहा महिने मात्र सरत राहिले.

मी तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं की विषय कमिटीपुढे ठेवू. दुसऱ्याला आलं की मैदानाचा उपभोग म्हणजे खेळ. तिसऱ्याला उत्तरच नाही. मग सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारलं की ज्याला काठी धरता येत नाही त्यानं मैदानाची हवाही घ्यायची नाही काय. खुशालराव शांतपणे म्हणाले, "आज आपण फिराल. उद्या पलीकडच्या वस्तीतले लोक फिरतील. मग मैदान राहील का?"

आणि समोर बसलेल्या बाकीच्या सत्तेचाळीस घरांनी मान हलवली. ज्यांना स्वतःला आत पाऊल टाकता येत नव्हतं त्यांनी! खुशालरावांचा विरोध मला समजत होता, त्यांचा खेळ होता. या लोकांचं काय जात होतं? वस्तीतला माणूस आत यायला नको, एवढ्या सुखासाठी हे स्वतः जन्मभर बाहेर उभे राहायला तयार होते. मी सभेतून उठून आलो.

पण 'पलीकडची वस्ती' हे शब्द डोक्यात राहिले. मैदानाच्या पलीकडे बौद्धांची वस्ती होती, आणि कॅम्पात यायचं तर तिथल्या माणसांना तारेला वळसा घालून मैलभर चालावं लागे. मोजणीवाल्याच्या हे ध्यानात यायला इतके दिवस लागावेत, याची आता लाज वाटते. एका बाजूला वस्ती आणि दुसऱ्या बाजूला विहीर असली की मधून वाट असतेच, आणि वाट असली की गावनकाशावर दोन तुटक रेघा असतातच. जुनी वहिवाट कुणाला अशी तारेनं अडवता येत नाही.

मी मोजणी कचेरीच्या रेकॉर्डात गेलो. तिथल्या कारकुनानं ओळखलं, बसायला खुर्ची दिली. जुना नकाशा उलगडला आणि दोन तुटक रेघा दिसल्या: वस्तीपासून निघून, साठ एकरांच्या ऐन मधून, कॅम्पाच्या विहिरीपर्यंत. मला एवढा आनंद झाला की मी कारकुनाला चहा पाजला. मग त्यानं सहज म्हणून छत्तीस सालचा दुरुस्त नकाशा काढला. त्यात रेघा नव्हत्या. समासात शेरा होता: 'वहिवाट नाही. तक्रार नाही.' खाली मोजणीदाराची सही. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. माझीच होती.

शेकडो शिवारं मोजली, त्यांत हे मी विसरून गेलो होतो. उन्हाळा होता तो. साहेबांना तार ओढायची होती. लिंबाच्या सावलीत पाटील आणि दोन पंच बसले होते. वस्तीतली माणसं लांब उन्हात उभी होती, कारण तेव्हा त्यांना लांबच उभं करत. वाट वापरणाऱ्यांना विचारून शेरा लिहायचा, असा नियम होता. पण वस्तीच्या वतीनं पाटलानं बोलायचं आणि मोजणीदारानं ते लिहून घ्यायचं, ही तेव्हाची रीत. रीत होती असं म्हणण्याची सोय आहे मला. पण त्या उन्हात एका माणसानं हात वर केला होता. तो मी पाहिला होता. पाहून मान खाली घातली आणि 'तक्रार नाही' लिहिलं, कारण दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी मोजणी होती.

घरी येऊन मनकर्णाला सगळं सांगितलं. तिनं तळहातावरचा वण अंगठ्यानं चाचपला. "म्हंजे मले तिथून तुमीच हाकललं," ती म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी मी वस्तीत गेलो. तिथला देवमन पोस्टात कारकून होता. हात वर करणारा माणूस त्याचा बाप निघाला, पुंजाजी. तो वारून बारा वर्षं झाली होती. आई भागीरथा ओसरीवर गोधडी शिवत बसली होती. देवमननं मला खाटेवर बसवलं, नकाशाची नक्कल नीट वाचली, सहीपर्यंत. मी म्हटलं, वहिवाट तुमची आहे, तुम्ही अर्ज केला तर तहसीलदारांना जागेवर यावंच लागेल.

"साहेब," तो म्हणाला, "माह्या मायनं वर्सानुवर्सं तारेले वळसा घालून पानी आनलं. तवा तुमाले वाट नाई दिसली. आता तुमच्या घरचा पाय अडला त दिसली."

"हो," मी म्हटलं. खोटं काय बोलणार?

"मी सही करतो. पन आधी तुमी लिवून द्या. कावून इचारलं नाई, ते."

त्याच्याच दौतीत टाक बुडवून मी लिहिलं: 'मोजणीच्या वेळी वस्तीतील लोक हजर होते. एकाने हात वर केला होता. मी विचारले नाही. तक्रार नाही हा शेरा खोटा आहे.' कारण लिहायला गेलो तर लिहिण्यासारखं कारणच नव्हतं, म्हणून 'कारण काही नाही' असं लिहिलं. देवमननं ते आईला वाचून दाखवलं. ती सुई चालवत राहिली.

अर्ज गेल्याचं कळताच खुशालराव घरी आले. हातात एक कार्ड होतं, शिक्क्यासकट. वहिनींना खास बाब म्हणून सकाळी सहा ते सात फिरायची परवानगी. तेवढा तो अर्ज मात्र मागे घ्यावा. सहा महिन्यांतले तीन संपले होते. खरं सांगतो, माझा हात पुढे झाला होता. मनकर्णा खुर्चीतून म्हणाली, "भाऊजी, ते कारड घेऊन जा. त्यावर पुन्हा तोच चौकीदार मले मोजून आत घेईन. मले वाट पायजे."

खुशालराव गेले आणि ती भिंतीला धरून उठली. त्या दिवसापासून घरातल्या घरात, या खोलीतून त्या खोलीत, ती चालू लागली. पण चार खोल्यांत चालून पाय सुटतो थोडाच?

एप्रिलमध्ये तहसीलदार जागेवर आले. साठ एकर नांगरून, रोलर फिरवून सपाट केलेले. वाटेचा मागमूस नाही. मनकर्णाला मी खुर्चीसकट फाटकाशी आणलं होतं. तारेबाहेर आमची कॉलनी उभी होती, आत वस्तीतली माणसं. खुशालरावांनी हात पसरून विचारलं की कुठे आहे वाट, दाखवा. मी साखळी उचलली, पण तहसीलदार तरुण होते, शहाणे होते. त्यांनी आधी भागीरथाला विचारलं की आजी, वाट कुठून होती.

"मले इचारता?" ती म्हणाली. आणि मग, "आता वस्तीत नळ आला. मले पान्यासाठी वाटेचं काम नाई."

खुशालरावांचा चेहरा उजळला. मग अर्ज कशाला, असं तहसीलदार म्हणाले.

"वाट होती," भागीरथा म्हणाली. "माहा मालक हात वर करून हेच सांगून राहिला होता. ते लिवा."

आणि ती फाटकाजवळून वस्तीच्या दिशेनं चालू लागली. अनवाणी, सरळ, मग एका ठिकाणी जरा डावीकडे, कारण तिथे पूर्वी बाभूळ होती म्हणे. पुढे माळ्यानं नुकतीच फळी ओढलेली काळी चकती आली. खुशालराव ओरडले की ब्राऊनवरून नको, बाई. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. मी नकाशावरून साखळी टाकत मागे चाललो होतो. सत्तावीस वर्षांनंतर ती हातभरसुद्धा चुकली नाही.

माझं लक्ष साखळीत होतं, म्हणून मनकर्णा कधी उठली ते मला दिसलं नाही. ती माझ्या शेजारून पुढे गेली. कुणाचा हात न धरता ती चकतीवर चढली आणि पलीकडे उतरली. तेलाच्या रेतीत भागीरथाची पावलं उमटली होती. त्यांच्या शेजारी एक पुरं पाऊल आणि एक ओढलेली रेघ, पुन्हा पाऊल, पुन्हा रेघ. शेवटच्या दोन ठिकाणी रेघ नव्हती, दोन्ही पावलं होती.

तार दोन्हीकडून उघडा, असं तहसीलदारांनी तिथेच सांगितलं. मग बाहेरची कॉलनी आत आली, सभेत मान हलवणारे सगळ्यांत पुढे. हवा काय छान आहे इथे, असं एकानं मला म्हटलं. मी त्याच्याकडे पाठ केली.

पंचनाम्याचा कागद साखळीच्या पेटीवर ठेवला होता. मोजणी मी केली म्हणून तहसीलदारांनी टाक माझ्याकडे दिला. मी तो देवमनकडे दिला आणि शाईची गादी भागीरथापुढे धरली. तिनं अंगठा उठवला, देवमननं सही केली, वस्तीतल्या आणखी अकरा जणांनी केली. खाली थोडी जागा उरली होती, तिथे मी माझी केली.