पांढरी चमक पाहिलेली बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. वाट दाखवणारी नव्हे, डोळ्याच्या आत पाहायची. कारखान्यात माझ्या डोक्यात इवलासा दिवा आणि भिंगांची चकती बसवली गेली आणि मी लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या हाती आले. मुले त्यांना डॉक्टरमावशी म्हणत. रडणाऱ्या मुलाला त्या आधी माझी कळ दाबू देत आणि तेवढ्यात आपले काम उरकत. निरोगी डोळ्याची बाहुली माझ्या उजेडात निखाऱ्यासारखी लाल दिसे.

एके दिवशी बिट्टी आली. जेमतेम तीन वर्षांची, पण तोंडाची टकळी अखंड चालू.

"फोटोत हिचा डावा डोळा पांढरा चमकतो," आई म्हणाली. "घरचे म्हणतात, फ्लॅशमुळे असेल."

मावशींनी खोलीत अंधार केला. उजवी बाहुली लाल दिसली. डावी मात्र पांढरीफटक. बाकीच्या तपासण्या झाल्यावर त्यांनी आईबाबांना समोर बसवले.

"आत कॅन्सरची गाठ आहे. डोळा काढावा लागेल. आत्ताच काढला तर बिट्टी वाचेल."

"पोरीचा डोळा काढायचा?" बाबा ताडकन उठले. "अहो, चांगली हसतेय, खेळतेय ती! आम्ही औषधानं बघू."

मावशींनी परोपरीने समजावले. पुढे फोन केले, घरीही जाऊन आल्या. कोणी दार उघडले नाही.

काही महिन्यांनी बिट्टी परत आली तेव्हा डोळा सुजून बाहेर आला होता आणि ती एक शब्द बोलत नव्हती. डोळा काढला, पण आजार मेंदूपर्यंत पोहोचला होता. बिट्टी गेली. त्या दिवशी मावशींनी मला उचलले आणि तसेच खाली ठेवले. बाहेर मुले खोळंबली होती. मग पुन्हा उचलले.

"भावंडालाही हा आजार होऊ शकतो," असे मावशींनी बजावले होते. म्हणून पुढे बाळ झाले तेव्हा आईबाबा त्याला तान्हे असतानाच घेऊन आले. त्याच्या डोळ्यात मोहरीएवढी गाठ सापडली. लेझरने ती जाळली. डोळा राहिला, नजरही राहिली.

"तेव्हाच ऐकलं असतं तर..." बाबा म्हणाले. मावशींनी बाळाला त्यांच्या हातात दिले.

आता नवी यंत्रे आली आहेत. मी कपाटात पडून असते. त्याचे मला काही वाटत नाही.

मित्रांनो, एका डोळ्याने दिसेनासे झाले तरी लहान मूल दुसऱ्या डोळ्याच्या आधाराने धावते, हसते. त्याला सांगता येत नाही. तुमच्या घरातल्या लहानग्याच्या बाहुलीत पांढरे दिसले, नजर तिरकी वाटली, तर मोठ्यांच्या मागे लागा. ते म्हणतील, होईल बरे. रागावतीलही. रागावू द्या, पण त्याला डॉक्टरांकडे न्यायला लावा.