निळी होडी

या, अशा जवळ सरका. दोन भावांची आणि एका होडीची गोष्ट सांगते.

तळ्यावर त्यांच्या वडिलांचा होड्या भाड्याने द्यायचा धंदा. हंगाम मोजक्या आठवड्यांचा, तोही आभाळाच्या मर्जीवर. ऊन पडलं की झुंबड, ढग आले की काठावर चिटपाखरू नाही. म्हणून तयारी आधीच हवी.

यंदा धाकटा शहरातली नोकरी सोडून परतला आणि वडिलांनी मोठ्या होडीचा दोर त्याच्या हाती दिला. वल्ही मारून हाताला घट्टे पडलेला थोरला बघतच राहिला. धाकट्याने होडीला निळाभोर रंग दिला. येणारेजाणारे वाहवा करत आणि थोरल्याच्या पोटात दुखे.

एक गोष्ट त्याला ठाऊक होती. शेडमध्ये पडून होडीच्या फळ्या वाळतात, आक्रसतात. हंगामाआधी ती काठाशी बुडवून ठेवायची. फळ्या फुगतात, फटी मिटतात. दरसाल हे काम त्याचंच. यंदा त्याने हूं की चूं केलं नाही. धाकट्याने तर रंगाला जपत होडी कोरडीच ठेवली.

"होडी भिजवली ना रे?" वडिलांनी थोरल्याला विचारलं.

"मालकांना विचारा. मी कोण?"

"अजून जळतोच आहेस का!" म्हणत वडील तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसले. धाकट्याला विचारायचं राहूनच गेलं.

अन् एका सकाळी अवचित ऊन पडलं. रांग लागली. धाकट्याने होडी पाण्यात ढकलली आणि एका आजीला, तिच्या दोन नातींना पुढे बोलावलं. पाण्यात हात घालायला लहानीने आधीच बाही वर केली होती. ते पाहून थोरला पुढे धावला.

"थांबा! गळेल ती!"

"दादा, आज तरी अपशकुन नको," धाकटा हसला.

"भावाचं चांगलं बघवत नाही ना तुला!" खिडकीतून वडील ओरडले.

रांगही हसली. मग आजी चढायच्या आत थोरल्याने एकट्यानेच होडीत उडी मारली, दोर सोडला अन् वल्ह्याने ती काठापासून लोटली. जरा आत गेली नाही तोच फटीफटीतून पाणी. बघता बघता होडी बसली आणि हा छातीभर पाण्यात उभा.

"लावलीस ना नजर!" वडील.

धाकटा कपड्यांसकट पाण्यात उतरला. हळूच म्हणाला, "आधी का नाही बोललास?"

"तुझी फजिती बघायची होती."

धाकटा दोर ओढू लागला.

"ओढू नको. भिजू दे आता इथंच."

वडिलांचं मत पुढेही बदललं नाही, लोकांचंही नाही. उशिरा का होईना, देवाने त्याला ओरडायची बुद्धी दिली आणि हसं होत असतानाही त्याने ती सोडली नाही. हात जोडाल तेव्हा त्या थोरल्याचीही आठवण असू द्या.