सावकाश होऊ द्या

नार्वार्ते वस्तीतल्या फिदेन्सिओच्या दुकानात शिरलो तेव्हा मला एवढंच हवं होतं: मक्याच्या पोळीत मांस घातलेले दोन ताको आणि कुणाशीही न बोलणं. पण कोपऱ्यातल्या टेबलावर माझी थोरली बहीण एदेलमिरा बसली होती.

आई गेल्यावर तिच्या शिलाई मशीनवरून आमचं बोलणं बंद झालं. आम्हा दोघांनाही साधं बटण लावता येत नाही. पण मशीन दोघांनाही हवं होतं. शेवटी ते तिनं नेलं आणि अबोला मी घेतला.

"काय गोऱ्या, किती देऊ?" फिदेन्सिओ उभ्या सळईवरचं मांस कापत म्हणाला. तो सगळ्यांनाच गोऱ्या म्हणतो. माझ्यासारख्या काळ्याकभिन्न माणसालाही.

"दोन. सगळं घाल."

"तिकडे बघू नकोस."

"कोण बघतंय?"

"मान मोडेल तुझी."

तिनं वर पाहिलं, मला ओळखलं आणि पुन्हा ताटलीत लिंबू पिळू लागली. त्या दिवशी त्या लिंबाचा मला फार हेवा वाटला.

मग मला सुचलं. आमच्या शहरात खाऊन उठलेला माणूस बाहेर पडताना जेवणाऱ्यांना 'सावकाश होऊ द्या' म्हटल्याशिवाय जात नाही. ओळख असो नसो, भांडण असो नसो. न म्हणणाऱ्याच्या आईला लोक नावं ठेवतात, आणि आमच्या आईला कुणी नावं ठेवलेली एदेलमिराला खपली नसती. फक्त समोरच्याच्या ताटलीत काहीतरी हवं. रिकाम्या ताटलीला कुणी काही म्हणत नाही.

माझी ताटली रिकामी झाली होती. एदेलमिरा तर एकेक घास लग्नात बसल्यासारखी खात होती.

"अजून दोन."

"भूक आहे का पण?"

"तू दे रे."

तेही संपले. तिनं आणखी एक मागवला. मीही मागवला. पोट ताशासारखं तटतटलं होतं.

"मरशील," फिदेन्सिओ म्हणाला. "सरळ जाऊन बोल की. बहीणच आहे ना?"

"म्हणूनच."

अखेर ती उठली. ओठ पुसले, पर्स खांद्याला अडकवली. दाराजवळ बसलेल्या पोलिसाला म्हणाली, "सावकाश होऊ द्या." त्यानं मान डोलावली. मग ती माझ्यापाशी थांबली. घाबरून मी अर्धा ताको एकदम तोंडात कोंबला होता, उरलेला अर्धा तेवढा ताटलीत होता.

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली. होऊ द्या. लहानपणापासून मला अरेतुरे करणारी.

मी न चावताच गिळलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखट साल्सामुळेच म्हणायचं. "आभारी आहे," म्हणेपर्यंत ती रस्त्यावर पोचली होती.

पोलिसालाही तेवढंच मिळालं होतं. पण त्याला ते रोज मिळत असणार.