काळा सिनेमा आणि मॉर्टनचा अंगठा

प्रोजेक्टर सुरू झाला आणि पडदा काळाच राहिला. येतील आता चित्रं, असं रोझलिनला वाटलं. मिनिटभर झालं तरी काळंच. मग तिला आठवलं. लेन्सवरचं झाकण! वर्षभर खपून काढलेली चित्रांची कार्डं तिने एकेक करून कॅमेऱ्याखाली मांडली होती, आणि झाकण काढायचंच विसरली होती. रीळ लॅबमधून धुऊन आलं ते थेट न्यूयॉर्कमधल्या या जुन्या गोदामात. बघायलाही सवड झाली नव्हती.

जमलेली प्रायोगिक सिनेमाची मंडळी मात्र श्वास रोखून काळोख बघत होती. इथे ओरखडलेली फिल्म, जळकी फिल्म, सगळंच डोक्यावर घेतात. दिवे लागताच टाळ्यांचा कडकडाट झाला.

"कमाल केलीस, बाई!" डेक्स्टर म्हणाला. तोही असलेच सिनेमे काढायचा. "काहीच न दाखवायला छाती लागते!"

हे सगळे गेले खड्ड्यात, रोझलिनच्या मनात आलं. तिला फक्त मॉर्टनला दाखवायचं होतं. कागदावरचं चित्र हलतं करायला त्यानेच तिला शिकवलं होतं, आणि उद्या तो कायमचा मुलीकडे, फ्लोरिडाला चालला होता.

"मला डुलकी लागली होती का गं?" मॉर्टनने विचारलं. "चित्रं कुठायत?"

"झाकण राहिलं," ती पुटपुटली.

म्हातारा खो खो हसला. "गाढव आहेस. कार्डं आण."

त्याला भेट द्यायला आणलेला कार्डांचा गठ्ठा तिने पिशवीतून काढला. "मी चाळून दाखवते. तुमचा हात थरथरतो..."

"थरथरू दे. दे इकडे."

त्याने गठ्ठ्याच्या कडेला अंगठा लावला आणि कार्डं एकामागून एक सोडू लागला. चित्रात मॉर्टनच होता, खुर्चीतून उठणारा. रोझलिनने त्याला एका दमात, झोकात उभं केलं होतं. पण थरथरत्या अंगठ्याखाली कार्डं अडली, दोन-चार भरकन सुटली, पुन्हा अडली. चित्रातला म्हातारा अर्धा उठला, थांबला, जरा डगमगला आणि मग उभा राहिला. रोझलिन पुढे झुकली. इतकं जिवंत तिला वर्षभरात एकदाही जमलं नव्हतं.

"हा मी!" मॉर्टन खूश होऊन म्हणाला. "तू मला फारच तरणाबांड करून ठेवलं होतंस, पोरी."

सिनेमा पुन्हा काढायचाच होता, तर आता याच अडखळत्या चालीने. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"आणखी एकदा, मॉर्टन. हात चालतो तसा चालू द्या."

या वेळी तिने चित्राकडे पाहिलंच नाही. अंगठा कुठे अडतो, तेवढंच ती पाहत राहिली.