समोरची पाण्याची नळी

मित्रांनो, माझ्या पोटात दिवसभर रक्त असतं, पण मी राक्षस नव्हे. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवून तांबड्या पेशी खाली आणि पिवळसर द्रव वर आणणारं, दवाखान्याच्या लॅबमधलं मी एक जुनं यंत्र आहे. कारखान्यातून इथे आलो तेव्हा माझी ऐट काय वर्णावी! लॅबच्या बाईंनी कौतुकानं माझं नाव ‘भोवरोबा’ ठेवलं. पुढे नवं यंत्र आलं आणि मी खिडकीशी सरकलो. माझ्या झाकणावर बाई जेवणाचा डबा ठेवू लागल्या. वाईट वाटायचं, का नाही वाटणार?

माझी एक खोड आहे. एका बाजूला नळी ठेवली की समोर तेवढ्याच वजनाची दुसरी लागते. नाहीतर मी असा थयथयाट करतो की टेबल हलतं.

एके सकाळी एक बसचालक आपल्या दहा वर्षांच्या लेकीला घेऊन आले. तिचं पोट आदल्या दिवसापासून दुखत होतं. पण त्याच सकाळी तिची तोंडी परीक्षा होती, आणि परीक्षा आली की पोट धरून बसायचं, हे सोंग तिनं आधी तीनदा वठवलं होतं. डॉक्टरबाईंनी पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली, पण अपेंडिक्स नीट दिसेना. त्यांनी तातडीनं रक्त तपासायला सांगितलं. रक्त दिलं आणि नेमकं पोरीचं दुखणं उतरलं.

“घ्या, परीक्षेची वेळ टळली आणि दुखणं पळालं,” वडील म्हणाले. “मॅडम, आम्ही निघतो.”

“खरंच दुखत होतं, बाबा,” ती पुटपुटली.

“रक्त काढलंय, तर बघून जा,” लॅबच्या बाई म्हणाल्या.

नवं यंत्र वॉर्डाच्या नळ्या घेऊन फिरत होतं. बाईंनी माझ्यावरचा डबा उचलला, पोरीची नळी आत ठेवली आणि एक रिकामी नळी नळाखाली धरली.

“अहो, रक्तात पाणी घालता की काय?” वडील उठलेच.

“नाही हो दादा, ही समोर बसवायला. एकट्या नळीनं हा पिसाळतो.”

मी फिरलो. इतक्या जपून मी कधी फिरलो नसेन. बाईंनी वरचा द्रव तपासला, आकडा पाहून चष्मा पुसला, पुन्हा तपासला. अंगात कुठे सूज असली की रक्तात सीआरपी वाढतं. ते सहाच्या आत हवं, इथे एकशे अठ्ठेचाळीस होतं. न फिरवलेल्या दुसऱ्या नळीत पांढऱ्या पेशीही दुप्पट निघाल्या. बाईंनी लगेच फोन उचलला.

डॉक्टरबाई धावत आल्या, त्यांनी पोरीचं पोट पुन्हा दाबून पाहिलं. “नुसत्या रक्तावर मी ठरवत नाही,” त्या वडिलांना म्हणाल्या. “पण पोटही कडक लागतंय. अपेंडिक्स फुटलं असावं. आतला ताण सुटला, म्हणूनच दुखणं थोडा वेळ उतरलं. आता घरी नेऊ नका.”

दुपारी वडील लॅबमध्ये आले आणि माझ्या झाकणावर हात टेकून उभे राहिले. “फुटलंच होतं. पण वेळेत काढलं. पोर सुखरूप आहे,” ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. “आणि मी तिला खोटारडी ठरवलं.” माझाही जीव तेव्हा भांड्यात पडला.

घरी जायच्या दिवशी ती मला बघायला आली. बाईंनी तिच्या हाती एक नळी दिली. तिनं समोरच्या नळीइतकं पाणी भरलं आणि म्हणाली, “बरोबर झालं, बाबा.”

वडील वाकून बघायला निघाले होते, ते थांबले. “तू म्हणतेस ना? मग झालं.”

मित्रांनो, माझं झाकण पुसून ठेवा, डबा दुसरीकडे ठेवा, एवढंच माझं मागणं. आणि कुणी तीनदा सोंग केलं असलं, तरी चौथ्यांदा त्याचं दुखणं तपासून बघा.