रात्रीत उतरणारी बॅटरी

नेगोवानने तिसऱ्यांदा डायनॅमो उघडला आणि तिसऱ्यांदा त्याला शिवी हासडली. दिवसभर चाललेल्या ट्रॅक्टरची बॅटरी सकाळी ठार मेलेली असायची. ब्रश नवे, पट्टा ताणलेला, रेग्युलेटरची टोकं घासून लख्ख. जुन्या डायनॅमोचं चुंबकत्व गेलं असेल म्हणून तारेचा एक चटका देऊन त्याने तेही जागं केलं होतं. इंजिन चालू असताना काटा बरोब्बर चार्जकडे झुकायचा. मग रात्रीत वीज जायची कुठे?

"व्हिएन्नात भल्याभल्यांच्या लिफ्टा दुरुस्त करतोस म्हणे," आई, फ्लोरिका, कोठाराच्या दारातून म्हणाली. "इथे एक बॅटरी सांभाळेना होय रे?"

"आई, तू तुझी चूल बघ."

"माझी चूल पेटते बाबा."

परवा वडिलांची, त्राइलोची, वर्षाची पोमाना, म्हणजे श्राद्धाचं जेवण, होती. सगळं गाव जेवायला येणार, त्यांची बाकडी-टेबलं या ट्रॅक्टरनेच आणायची होती. नेगोवानला घोर मात्र वेगळाच लागला होता. त्राइलो कोठारामागच्या आलुबुखाऱ्याच्या बागेत संध्याकाळी कोसळला आणि हातात पेटती मेणबत्ती नसताना गेला. त्यांच्या या होमोल्येच्या डोंगरात याहून वाईट मरण नाही. असा माणूस पलीकडेही अंधारातच चाचपडत राहतो. नेगोवान या गोष्टींना हसायचा. मातीलाही पोचला नव्हता तो, सुट्टी मिळाली नाही म्हणून. आता रोज सकाळी ती मेलेली बॅटरी पाहिली की त्याला तेच आठवायचं. अंधारातला माणूस वीज नाहीतर काय ओढून नेणार?

चोरटी गळती धरायची एक साधी युक्ती असते. सगळी बटणं बंद करायची, बॅटरीवरून ट्रॅक्टरच्या अंगाला जाणारी पट्टी काढायची आणि हलकेच परत टेकवायची. ठिणगी पडली तर कोणीतरी वीज पितंय. दिवसा त्याने दोनदा टेकवून पाहिली, काही नाही. जेवून दिवेलागणीला परत आला, पट्टी काढली, टेकवली.

तड्‌कन ठिणगी पडली.

 सगळं बंद होतं, किल्ली खिशात होती. त्याने पट्टी पुन्हा उचलली, तोच मागच्या बागेतून किंचाळी आली.

"कोण विझवतंय रे मेल्या!"

आईचाच आवाज! नेगोवान कोठाराला वळसा घालून धावला. आलुबुखाऱ्याच्या झाडाखाली फ्लोरिका बसली होती, पुढ्यात ट्रॅक्टरचा हातदिवा, विझलेला. त्याची लांब वायर कोठाराच्या फळीच्या फटीतून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाआडच्या प्लगच्या खोबणीत गेली होती.

"तू?" त्याला हसूही आलं आणि रडूही. "रोज रात्री?"

"रोज. पहाटे गुंडाळून ठेवते."

"अगं, घरातून बल्ब लावायचास की! मी तीन दिवस झक मारतोय!"

"घरची वीज सरकारची. ही त्याच्या ट्रॅक्टरची, त्याची स्वतःची."

"मग पोचला का उजेड त्याला?"

"नाही," ती शांतपणे म्हणाली. "मेलेल्याला द्यायचं ते जिवंत माणसाच्या हातात द्यावं लागतं, विसरलास? घेणाऱ्याने 'बोगदाप्रोस्ते' म्हटलं की देव मेलेल्याला माफ करतो, मगच ते त्याला मिळतं. शेजारपाजारचे घ्यायला तयार होते. मी म्हटलं, बापाचा दिवा पोरानेच घ्यायचा. मग बसले तुझी वाट बघत, आलास तरी हसशील म्हणून बोलले नाही."

 नेगोवान कोठारात गेला, पट्टी घट्ट बसवून परत आला. दिवा पेटला होता. फ्लोरिकाने तो दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे धरला.

"हा त्राइलोला."

त्याने दिवा घेतला. व्हिएन्नात इतकी वर्षं हा शब्द तोंडात आला नव्हता. पहिल्यांदा नुसते ओठ हलले.

"बोगदाप्रोस्ते," दुसऱ्यांदा तो म्हणाला.

फ्लोरिकाने डोळे पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि झगा झटकला. "झालं. मिळाला त्याला. आता काढ ती वायर, परवा ट्रॅक्टर चालू व्हायला हवा."

नेगोवान जागचा हलला नाही. दिवा छातीशी धरून तो झाडाखालच्या मातीकडे बघत राहिला.

"राहू दे ना आई," तो म्हणाला, "आजची रात्र."