द्वारकेची चाल

पोफळींच्या दाट सावलीत हिवाळ्याची सकाळ उशिरा उतरते. चौलच्या आमच्या वाडीत ऊन आधी शेंड्यांवर थबके, मग झावळ्यांच्या फटींतून ठिपक्याठिपक्यांनी खाली झिरपे, आणि ते पाटाच्या पाण्याला टेकण्याच्या सुमारास द्वारका पडवीच्या कडेला क्षणभर विसावलेली असे. मांडीवर हात, डोळे वाहत्या पाण्यावर, आणि त्या निवांत हाताच्या काचेच्या बांगड्यांतून उठणारी एक अतिशय सूक्ष्म किणकिण. माझी दृष्टी तेव्हाच अधू होऊ लागली होती, पण तो ध्वनी मी कान देऊन ऐकत असे. स्थिर बसलेल्या बाईच्या बांगड्या वाजतात कशा, हा प्रश्न मला, एका शाळामास्तराला, दोन हिवाळे पडला नाही. पत्नीच्या अंगातलं चैतन्यच असं झिरपत असावं, अशी माझी भाबडी समजूत होती.

चैतन्य तिच्यात होतंही उदंड. ती तळे गावाकडची. तिकडच्या भातखाचरांच्या अरुंद, निसरड्या बांधांवर ती लहानपणी चालायला शिकली, आणि पुढे सपाट जमिनीवरही तशीच चालली: पाऊल नेमकं, पाठ ताठ, नजर चार पावलं पुढे. विहिरीपासून फाटकापर्यंतची आमची लांबट वाडी ती मी हाक पुरी करण्याआधी ओलांडून येई. पाटाचं पाणी कुठल्या आळ्यात वळवायचं, कुठली पोफळ तहानलेली आहे, हे तिला पावलांनाच कळत असावं. रहाट हाकणारा धर्मा म्हणे, "वैनी वाडीत हायेत का न्हाय, ते मला न बघता कळतं. पानी बिगीबिगी धावतं." आम्हाला मूल नव्हतं. त्या रित्या घरात तिच्या पावलांनीच गजबज भरून ठेवली होती.

सन तीसच्या थोडा अलीकडचा तो हिवाळा. फळ्यावरची माझी स्वतःचीच अक्षरं मला वाचता येईनात, तेव्हा द्वारकेनेच हट्ट धरला आणि आम्ही रेवसहून आगबोटीने मुंबईस गेलो. चष्म्याचं काम होतं. तेवढं उरकून दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझे डोळे तपासले, नंबर लिहून दिला, आणि कागद माझ्या हाती देता देता त्यांची नजर बाकावर बसलेल्या द्वारकेकडे गेली. ती तिथेच रेंगाळली. त्यांनी शेजारच्या खोलीतून आपल्या एका सहकाऱ्याला बोलावलं. त्या दुसऱ्या डॉक्टरांनी तिला दारापर्यंत चालून परत यायला सांगितलं, अंगठ्यावर बोटं आपटायला लावली, कोपरात हात वाकवून पाहिला. चालताना तिचा उजवा हात हलत नव्हता. तो काठीला बांधल्यासारखा अंगाशी होता. मी चौदा वर्षं तिचा नवरा, मला ते ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी मला खिडकीशी नेलं आणि आवाज उतरवला. कंपवात हा शब्द मी प्रथम तिथे ऐकला. मेंदूतल्या मज्जातंतूंचा विकार आहे, वाढत जाईल, औषध आहे ते थोडा आराम पडण्यापुरतं, असं ते सांगत असताना खाली रस्त्यावर कुणी तरी केळी विकत होता, आणि त्याचा आवाज मला डॉक्टरांच्या आवाजाहून अधिक स्पष्ट ऐकू येत होता.

"डॉक्टर," मागून द्वारका म्हणाली, "हात माझा आहे. मला सांगा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ती उठून आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. तेव्हा त्यांनी तिला सारं सांगितलं, आणि नीट सांगितलं: आधी हात, मग पाय, मग चेहरा आणि वाणी.

"मरेन कधी ते नको," ती म्हणाली. "चालेन कुठवर, ते सांगा."

"ते मला सांगता येणार नाही, बाई."

"मग ते माझ्याकडे राहू द्या."

चष्मा तयार व्हायला दोन दिवस लागले. परतीच्या आगबोटीत तिने तो मला डोळ्यांवर चढवायला लावला. समुद्राच्या रेषा, गलबतांची शिडं, दूरचा किनारा, सगळं पुन्हा कोरून काढल्यासारखं लख्ख झालं, आणि त्या लख्खपणात तिचा मांडीवरचा हात मी पहिल्यांदा पाहिला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती, जणू अदृश्य वात वळत होती. मी नजर काढून घेतली.

"आत्ता काय ते बघून घ्या," ती म्हणाली. "घरी गेल्यावर चोरून बघायचं नाही."

तेव्हा मी पाहिलं. मांडव्याचा किनारा जवळ येईपर्यंत पाहत राहिलो.

गावच्या वैद्यांनी खाजकुइलीच्या बिया शुद्ध करून त्यांचं चूर्ण दुधातून द्यायला सांगितलं. त्याने काही काळ हाताला उतार पडला, आणि आम्ही दोघांनीही मनातल्या मनात डॉक्टरांना खोटं ठरवून टाकलं. पण पुढच्या वर्षी एका सकाळी पडवीतून अंगणात उतरताना द्वारका उंबऱ्याशी थांबली ती थांबलीच. पाय उचलेना. ती पडत नव्हती, दुखत नव्हतं, भोवळ नव्हती. देह पुढे निघाला होता आणि पावलं मात्र भुईला रुजल्यासारखी जागच्या जागी थरथरत होती. मी धावलो. तिने मला हाताने दूर ठेवलं. तिच्या कपाळावर घाम आला होता, आणि डोळ्यांत जे होतं त्याला भय म्हणता येणार नाही. एखाद्या हट्टी जनावराने बांधावर अडून बसावं आणि धन्याने त्याच्याकडे पाहावं, तशी ती आपल्या पायांकडे पाहत होती.

तेवढ्यात विहिरीवर धर्माने रहाट जुंपला. लाकडाचा तो जुना करकर आवाज, गाडग्यांतून पडणाऱ्या पाण्याची धप धप, पुन्हा करकर, पुन्हा धप. आणि द्वारकेचा पाय उचलला गेला. मग दुसरा. त्या ठेक्यावर पावलं टाकीत ती विहिरीपर्यंत सरळ चालत गेली.

"धर्मा, थांबू नकोस," ती म्हणाली.

"बैल दमलाय, वैनी."

"मग हळू हाक. पण हाक."

त्या दिवसानंतर ती उंबऱ्याशी दिसली की धर्मा रहाट फिरवू लागे. पाऊस पडून गेल्यावर, आळी भरलेली असतानाही एकदा मी त्याला हटकलं, तर तो म्हणाला, "झाडांना पानी नकोच हाय, मास्तर. वैनींच्या पायाला रहाट लागतो."

अशा गोष्टी गावात लपत नाहीत. त्याच वर्षीच्या वैशाखात माझे थोरले बंधू आले; आम्ही त्यांना दादा म्हणत असू. आमच्या घरात दादांचा शब्द कधी खाली पडलेला नव्हता. पानावर बसल्यावर ते मृदू आवाजात, माझ्या हिताच्या कळकळीने बोलू लागले. दिघीकडे एक मुलगी आहे, गरिबाघरची, शांत. घराला करणारी बाई हवी. पुढे वंशाचाही विचार केला पाहिजे. द्वारकेला कुणी टाकायला सांगत नाही. तिलाही हाताखाली कोणी होईल.

मी भातात बोटं घालून खाली पाहत राहिलो. त्या मौनाची मला आजही लाज वाटते. नाही म्हणायला मला एवढा वेळ का लागला, याची जी जी उत्तरं मी पुढे स्वतःला दिली, त्यांतलं एकही मला पटलेलं नाही.

द्वारका वरणाचं भांडं घेऊन स्वयंपाकघरातून आली. दादांसमोर ती एरवी बोलत नसे. ती वाकली, पळी हातात थरथरू लागली, वरण भातावर, लोणच्यावर, पानभर शिंपडलं गेलं. दादांनी पान किंचित मागे ओढलं.

"पानातच पडलं, दादा," ती म्हणाली. "बाहेर नाही."

तिने भांडं खाली ठेवलं.

"त्या मुलीला इथे आणा. मी तिला सगळं दाखवते. हा हात, हे पाय, आणि हे मान खाली घालून बसलेत, ते. मग ती हो म्हणाली तर बघू."

तेव्हा माझी मान वर आली. "मुलगी आणायची नाही, दादा," मी म्हणालो. "हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही." आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. द्वारकेने दादांना तूप वाढलं, मग मला वाढलं, आणि आत गेली. संध्याकाळी ती मला एवढंच म्हणाली, "उशिरा बोललात. पण बोललात."

रहाट वाडीतला, रस्त्यावर काय करायचं? त्याचाही शोध तिनेच लावला. "तुम्ही मास्तर ना? पाढे म्हणा." आणि मी, ज्याचा आवाज शाळेच्या भिंतींबाहेर कधी चढला नव्हता, तो भर बाजाररस्त्याने बायकोच्या बरोबरीने बे एके बे, बे दुणे चार म्हणत चालू लागलो. एक पद, एक पाऊल. लोक दारात येऊन उभे राहत. वाण्याने एकदा हसून विचारलं, "काय मास्तर, वैनींना पाढे शिकवता?"

"एकोणतिसाला अडलेत," द्वारका न थांबता म्हणाली. "मीच त्यांना शिकवते."

मार्गशीर्षात टेकडीवरच्या दत्ताची जत्रा भरते. तिथे पायऱ्या चढून जायचं असतं, आणि त्या वर्षी मी डोलीची व्यवस्था केली होती. द्वारकेने डोलीकडे वळूनही पाहिलं नाही. "लोक बघतील गं," मी म्हणालो. "जत्रेला लोक बघायलाच येतात," ती म्हणाली आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

नवल असं की सपाट भुईवर अडणारी तिची पावलं पायऱ्यांवर अडेनात. समोर चढ दिसे, पाय आपोआप उचले. मध्येच सपाट टप्पा आला की ती रुजून उभी राही. मागे गर्दी दाटे, कुणी कुरकुरे, कुणी हात द्यायला पुढे होई. ती मान हलवून नाकारी आणि मी सतराचा पाढा म्हणू लागे. मग मागच्याही काही बायका माझ्याबरोबर म्हणू लागल्या. ज्यांना पाढे येत नव्हते त्या नुसता ठेका धरून हं हं करीत होत्या. सकाळी निघालो होतो, माथ्यावर पोचलो तेव्हा सावल्या पायांशी आल्या होत्या. वरून रेवदंड्याचा किनारा, खाडीचं मुख आणि त्यापलीकडचा समुद्र चकचकत होता. तिचं सारं अंग थरथरत होतं, आणि ती ताठ उभी होती.

"काय मागितलंस?" दर्शन झाल्यावर मी विचारलं.

"काही नाही. आलेय, एवढं कळवलं."

त्यानंतरही दोन जत्रांना ती चढली. तिसऱ्या वर्षी नाही. डॉक्टरांनी सांगितलेला क्रम रोगाने इमानाने पाळला. पाय गेले, आणि मग चेहरा हळूहळू निश्चल झाला, वाऱ्याविना पडलेल्या तळ्यासारखा. ज्या चेहऱ्यावर हसू उमटायला निमित्त लागत नसे, त्यावर आता काहीच उमटेना. भेटायला येणारे समजत की तिला काही कळत नाही. ते तिच्यासमोर तिच्याविषयी बोलत. आवाज तर इतका खाली गेला की मला तिच्या ओठांशी कान न्यावा लागे. एके दिवशी असाच कान नेला, तर ती म्हणाली, "यापुढे हसले की सांगत जाईन."

आणि ती सांगू लागली. धर्माचा बैल दावं तोडून वाण्याच्या दुकानात शिरला, ती हकिगत मी रंगवून सांगितली, आणि त्या दगडी मुद्रेतून श्वासाएवढा शब्द आला: "हसले." दादा येऊन तिच्यासमोर ओशाळून बसले, तिच्या उशाशी स्वतःच्या हाताने पाणी ठेवून गेले, तेव्हाही ती म्हणाली, "हसले." शेवटच्या पौषात तिला ज्वर आला, छाती भरली. तिसऱ्या दिवशी, पोफळींच्या शेंड्यांवर ऊन असताना, माझा हात तिच्या हातात असताना, ती गेली. तिचा हात तेव्हा पूर्ण शांत झाला, आणि त्या शांततेचा मला राग आला.

आता माझी शाळा सुटली आहे, वाडी धर्माचा मुलगा पाहतो. गावात कुणी द्वारकेचा विषय काढला तर म्हणतात, बिचारी, फार सोसलं हो तिने. मी त्यांना दर वेळी अडवतो. सोसलं खरं, पण त्याआधी तिने विचारलं, नाकारलं, चढून दाखवलं, आणि मला बोलायला शिकवलं. हे सगळं सांगेपर्यंत मी समोरच्याला उठू देत नाही. काळ माणसाला घेऊन जातो, आणि मग त्या माणसाविषयी बोलण्याचा अधिकारही आपल्याकडे मागतो. पहिल्यापुढे माझं काही चाललं नाही. दुसरं मी त्याला अजून दिलेलं नाही.